सौर संच बसवणे घराचे, राखणे गावाचे
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सर्व सरपंचांना खुले पत्र

सन्माननीय सरपंच ताई आणि दादांनो,



ऑगस्ट २०२४ मध्ये पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. तेव्हापासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पारावर, बाजारात, दूध डेअरीच्या रांगेत एकच विषय निघतो आहे: आपल्या गावात हे कधी होणार? शंभर उंबऱ्यांच्या एका वाडीने घराघरावर पॅनेल चढवली, शाळा आणि ग्रामपंचायतही त्यात घेतली आणि राज्याने तिची दखल घेतली. याचा अभिमान सगळ्यांना आहे, मलाही आहे. पण बसवलेला संच पंचवीस वर्षे टिकवायचा कसा, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. हे पत्र त्यासाठी आहे, आणि ते तुम्हालाच लिहितो आहे, कारण हे काम एकट्या घरमालकाच्या आवाक्यातले नाही.

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. देशातल्या एक कोटी घरांवर सौर संच बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅटला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. सरकारी बँका तारण न मागता कर्ज देतात. कमी वीज वापरणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राज्याने २०२५ मध्ये एक किलोवॅटच्या संचाला वेगळी भर घालणारी योजना आणली. सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आपल्या भागात एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. तीन किलोवॅटचा संच धरला तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट होतात. साध्या शेतकरी कुटुंबाचे बिल त्यात सहज भागते. मागे उरतो तो स्थिर आकार.

हे आकडे आता घरोघरी पाठ झाले आहेत. संच पुरवणाऱ्यांची माणसे मोटारसायकलवरून वाड्यावस्त्या फिरत आहेत आणि ते चांगलेच आहे. पण ज्या दिवशी नेट मीटर बसते आणि अनुदान खात्यात जमा होते, त्या दिवशी सरकारच्या, बँकेच्या आणि पुरवठादाराच्या लेखी काम संपते. घराच्या लेखी ते त्याच दिवशी सुरू होते. पाच हजारांवर लोकसंख्येच्या गावांसाठी आदर्श सौरग्रामाची जिल्हावार स्पर्धा आहे, जिंकणाऱ्या गावाला एक कोटी रुपये मिळतात. त्या स्पर्धेत मोजली जाते ती बसवलेली क्षमता. दहाव्या वर्षी त्यातली किती चालू आहे, हे मोजायचे असेल तर ते गावानेच मोजावे लागेल.

आता आपल्या मुलखाकडे पाहा. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या सड्यांवर, कवठेमहांकाळच्या ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कारण वारा इथे भरवशाचा आहे. तोच वारा आपल्या गच्चीवरच्या पॅनेलखाली शिरतो. दक्षिणेकडे तोंड करून, मागची बाजू उचलून बसवलेले पॅनेल मागून आलेल्या वाऱ्याला आयतेच सापडते. ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास असतो. तीन किलोवॅटला सहा मोठी पॅनेल लागतात, त्यांचे क्षेत्रफळ साधारण पंधरा चौरस मीटर. म्हणजे सगळी पॅनेल मिळून पावणेदोनशे किलोच्या आतबाहेरची आणि वाऱ्याचा जोर दीड टनापर्यंत जाऊ शकणारा. सरकारी निकषांत सांगाडा दीडशेच्या वाऱ्याला टिकला पाहिजे असे म्हटले आहे ते उगाच नाही. वळवाची एक वावटळ पुरेशी असते.

यात आपल्याकडची एक खास अडचण आहे. गच्ची आपल्याला रिकामी हवी असते. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे तिथेच वाळतात. शेंगा, हळद, डाळीचे वाळवण तिथेच पडते. म्हणून लोक सांगाडा सात-आठ फूट उंच करून घेतात आणि खाली मांडवासारखी सावलीही मिळते. त्यात गैर काही नाही. पण सांगाडा जेवढा उंच, तेवढा वाऱ्याचा ताण पायाशी जास्त येतो. अशा वेळी जाड, गरम जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, तिरके आधार आणि भक्कम पाया लागतो. पातळ पत्र्याची पोकळ पट्टी आणि वरून चंदेरी रंग मारलेले वेल्डिंग दोन पावसाळ्यांत गंजायला लागते. दोन्ही कामे पहिल्या दिवशी सारखीच चकचकीत दिसतात. म्हणूनच ती ओळखायला कोणीतरी जाणता माणूस सोबत हवा.

पायाचा प्रश्न तर त्याहून नाजूक. आपल्या बहुतेक घरांचा स्लॅब चार-पाच इंचांचा. त्यात ड्रिल मारून थेट बोल्ट ठोकला की काम अर्ध्या दिवसात उरकते. मात्र त्या भोकातून पावसाचे पाणी सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि चार-सहा वर्षांत खालच्या खोलीत छताचे प्लॅस्टर सुटायला लागते. तोवर पुरवठादाराचा फोन लागत नसतो. यावर उपाय जुनाच आहे. खांब आणि बीमच्या रेषेवर सिमेंटचे ठोकळे ओतून घ्यावेत, बोल्ट त्यांत बसवावेत आणि ठोकळ्याच्या बुडाशी गोलाई देऊन गळतीरोधक लेप मारावा. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्यासारख्या धो धो पावसाच्या भागात तर याला पर्यायच नाही. पत्र्याच्या घरावर स्क्रू नुसत्या पत्र्यात न मारता खालच्या लोखंडी आडव्यात, पत्र्याच्या उंचवट्यावर आणि रबरी वॉशर घालून मारायला हवा. जुन्या कौलारू घरावर हे ओझे चढवूच नये. परड्यात किंवा गोठ्याच्या बाजूला स्वतंत्र खांबांवर संच उभा करावा.

कृष्णाकाठच्या सरपंचांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, हरिपूर, सांगलवाडी या गावांतल्या भिंतींवर पाण्याच्या खुणा लोकांनी जपून ठेवल्या आहेत. तरीही इन्व्हर्टर लावायची सोयीची जागा म्हणून आजही तळमजल्याचीच भिंत निवडली जाते, मीटरशेजारी, कमरेच्या उंचीवर. वायर कमी लागते, एवढेच कारण. पुराचे पाणी आत शिरले की पॅनेल वर सुखरूप राहते आणि संचातला सर्वांत नाजूक आणि महाग भाग खाली बुडतो. शिवाय एक धोका लक्षात ठेवला पाहिजे. पॅनेल बटणाने बंद होत नाही. उजेड आहे तोवर त्यातून वीज येत राहते, आणि सहा पॅनेल एका ओळीत जोडलेली असली की तो दाब अडीचशे व्होल्टच्या आसपास असतो. महावितरणने गावाची लाइन बंद केली तरी पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर जिवंतच असते. बुडालेल्या घरात परतलेल्या माणसाने त्या पेटीला हात लावला तर जिवावर बेतेल. म्हणून पूररेषेतल्या प्रत्येक घरात इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर किंवा जिन्याच्या वरच्या मुंडारीत, सावलीत आणि हवेशीर जागी असावा. पाणी चढू लागले की आधी घराच्या बाजूचा आणि मग पॅनेलच्या बाजूचा खटका पाडायचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. २०१९ ची खूण दाखवून ‘याच्या वर’ असे सांगायला अभियंता लागत नाही, पण ग्रामपंचायतीचा ठराव लागतो.

आता वीज कोसळण्याचे. एप्रिल-मे महिन्यात तासगाव, जत, माण, खटावकडे वळीव येतो तो कडकडाट घेऊनच. संचाला तीन स्वतंत्र अर्थिंग लागतात: एक पॅनेलच्या सांगाड्याला, एक इन्व्हर्टरच्या बाजूला आणि एक वीजरोधकाला. तिन्ही एकाच खड्ड्यात उतरवून काम भागवले तर वीजरोधकावर पडलेली वीज तिथूनच घरात शिरते. माण-जतच्या कोरड्या मुरमाड जमिनीत, उन्हाळ्यात, अर्थिंग नावापुरतीच उरते. म्हणून तिचे मोजमाप पावसाळ्यात ओल असताना न करता मे महिन्यात करावे आणि रोध पाच ओहमच्या आत आहे की नाही, ते कागदावर लिहून घ्यावे. हा एक आकडा घरमालकाला कधीच सांगितला जात नाही, आणि माणसांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

गारपिटीचे भय द्राक्षवाल्या गावांना सांगायला नको. चांगल्या पॅनेलची काच २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याचा ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाचा मारा सोसते, अशी चाचणी घेतलेली असते. त्याहून मोठी गार पडली तर काच तडकू शकते. तडकलेले पॅनेल वीज देतच राहते आणि त्यात पाणी शिरले की सांगाड्यात वीज उतरण्याचा धोका असतो. अशा पॅनेलला घरच्या माणसाने हात लावू नये. घराच्या विम्यात सौर संचाची नोंद करून घेता येते. ती किती कुटुंबांनी केली आहे, हे प्रत्येक गावाने एकदा विचारून पाहावे.

पण रोजचे नुकसान वारा आणि गारांपेक्षा धुळीचे आणि काजळीचे आहे. गळीत हंगामात धुराड्यांची काळी राख कराड, वाळवा, पलूस, मिरजेच्या गच्च्यांवर उतरते. त्यात तोडणी झालेल्या फडांचे पाचट पेटते आणि तीच काजळी काचेवर चिकटून बसते. नेमके याच महिन्यांत आभाळ स्वच्छ असते आणि संचाने सर्वांत चांगले काम करायचे असते. काचेवरची थोडी काजळीही वीज कमी करते, आणि एकाच कोपऱ्यावर पक्ष्याची घाण साचली तर त्या जागी पॅनेल तापून खराब होते. धुवायचे ते सूर्य वर येण्याआधी, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने किंवा लांब दांड्याच्या मऊ ब्रशने. तापल्या काचेवर दुपारी गार पाणी टाकू नये. जत, आटपाडी, खानापूरकडच्या क्षाराच्या बोअरचे पाणी वापरले तर काचेवर पांढरा थर चढतो आणि तो मग घासूनही निघत नाही. तिथे पावसाचे साठवलेले पाणी किंवा पिण्याच्या नळाचे दोन हंडे खर्च करावेत. पॅनेलवर पाय देऊन उभे राहू नये, पोरांनाही चढू देऊ नये. आतल्या चकत्यांना बारीक तडे जातात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाचट न जाळता कुट्टी करून शेतात ठेवायचे आवाहन कृषी खाते वर्षानुवर्षे करते आहे. जमिनीचा कस त्यात आहेच, आता छताचाही फायदा आहे. त्या दोन्हींसाठी पाचटबंदीचा ठराव करणारे गाव मला पाहायला आवडेल.

आणखी एक गोष्ट लोकांना आधीच सांगायला हवी. लाइट गेली की साधा सौर संचही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. गावाची लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असताना घराघरांतून वीज उलटी खांबावर गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. रात्रीसाठी किंवा भारनियमनासाठी वीज हवी असेल तर बॅटरीचा वेगळा संच लागतो, आणि तो महाग असतो. हे न सांगता संच विकला की महिनाभराने घरात कुरबूर सुरू होते आणि मग कोणीतरी कुठलीतरी जोडाजोड करून घेतो. ती जोडाजोड आपल्याच गावातल्या वायरमनच्या जिवावर उठते.

तर आता माझी मागणी.

आपल्या जिल्ह्यांना गावाने मिळून ठरवायची सवय आहे. अंजनीच्या आर. आर. आबांनी २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणले, तेव्हा हातात झाडू घेऊन गावेच्या गावे उभी राहिली. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ साली पहिला वॉटर कप जिंकला तो श्रमदानावर. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावने संध्याकाळी भोंगा वाजवून घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद करून दाखवले. छतावरच्या पॅनेलची देखभाल याहून अवघड नाही. एका घराच्या तीन किलोवॅटसाठी पुण्याहून तंत्रज्ञ येणार नाही, आला तरी त्याचा खर्च परवडणार नाही. साठ-सत्तर संचांच्या गावात मात्र गावातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी हे काम सांभाळू शकते. आयटीआयची वायरमन, इलेक्ट्रिशियन झालेली मुले प्रत्येक गावात आहेत. केंद्राचे ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण २०१५ पासून आहे. ग्रामपंचायतीने दोघांना त्यासाठी पाठवावे आणि प्रत्येक घराने वर्षाला ठरावीक रक्कम त्या देखभालीसाठी द्यावी.

खरेदीही एकेकट्याने करू नये. चाळीस घरांनी एकत्र येऊन पुरवठादार निवडला तर भावात फरक पडतो आणि अटी घालता येतात. ठोकळ्यांवरचा पाया, जाड मुलाम्याचा सांगाडा, तीन अर्थिंग, पूररेषेच्या वरचा इन्व्हर्टर आणि या योजनेत बंधनकारक असलेली पाच वर्षांची देखभाल, हे सारे करारात मराठीत लिहून घ्यावे. पॅनेलचे क्रमांक, हमीपत्रे आणि अर्थिंगचे मोजमाप यांची एक नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी. घरचा कर्ता माणूस उद्या नसेल, कागद हरवतील, पण पंचवीस वर्षांची हमी कागदाशिवाय मागता येत नाही. वर्षातून दोनदा, वळवाच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर, प्रत्येक छतावर जाऊन नटबोल्ट, वायर आणि गळती तपासावी. शेजाऱ्याने मजला चढवल्याने किंवा बांधावरचे झाड वाढल्याने सावली पडू लागली तर ते प्रकरण कोर्टात जाऊ न देता तंटामुक्ती समितीपुढे मिटवावे. एका पॅनेलवरची सावली साऱ्या ओळीची वीज कमी करते, त्यामुळे असे वाद वाढणार आहेत, आजच धोरण ठरवलेले बरे.

महावितरणकडेही गाव म्हणूनच जावे. दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला आता तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज नाही, आणि पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी लागणारे वीजवाहिन्यांचे बळकटीकरण वीज कंपनीने स्वतःच्या खर्चाने करायचे, असा नियम २०२४ पासून आहे. एकट्या ग्राहकाने हे सांगून भागत नाही. ग्रामसभेच्या ठरावासह सरपंच गेला की अर्ज पुढे सरकतो.

हे सगळे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे त्याचे कारण आपल्या मातीत आहे. कोयनेचे धरण पाटण तालुक्यात झाले, खोऱ्यातली गावे उठली आणि ती वीज घाटाखालच्या पोफळीतून राज्यभर गेली. सड्यावर पवनचक्क्या आल्या, त्यांची मालकी बाहेरच्यांची. या मुलखाने महाराष्ट्राला साठ वर्षे वीज दिली, मालकी मात्र इथल्या माणसाला कधी मिळाली नाही. आता पहिल्यांदा वीज तयार करणारे यंत्र शेतकऱ्याच्या, मजुराच्या, शिक्षकाच्या, विधवा मावशीच्या स्वतःच्या छतावर आणि स्वतःच्या नावावर येत आहे. कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून लोकांनी ते घेतले आहे. पाच वर्षांत ते गंजून पडले तर पैसे जातीलच, शिवाय पुढची पिढी सौर म्हटले की नाक मुरडेल.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर छतावरच्या सौर संचांची देखभाल हा विषय घ्या. गावात आज किती संच आहेत, किती चालू आहेत, किती इन्व्हर्टर पूररेषेखाली आहेत आणि किती घरांकडे हमीपत्र आहे, एवढ्या चार गोष्टींची माहिती पुढच्या बैठकीपर्यंत गोळा करा. कामाला सुरुवात तिथूनच होईल.

आपला नम्र,
कृष्णाकाठचा एक वीजग्राहक